डाव्या पायाचा बूट

हर्नडन, ४ मे

रुही,

स्वानंदी पत्राच्या डोक्यावर 'चिरंजीव' आणि 'अनेक उत्तम आशीर्वाद' लिहायला निघाली होती, मी तिचा हात धरला. आशीर्वाद शेवटी. आधी मला तुझ्याशी भांडायचंय.

स्वानंदी म्हणजे आमच्या समोरच्या घरातली. नवरा केदार दिवसभर कॉम्प्युटरपुढे, आणि हिच्या व्हिसावर हिला काम करता येत नाही. म्हणून मीच तिला काम दिलं. मी बोलते, ती लिहिते, मधे आम्ही चहा पितो. पुण्याची आहे, त्यामुळे माझ्या शब्दांना इस्त्री करते. या पत्रात मी कुठे फार शहाण्यासारखी बोलताना दिसले तर ती मी नाही, ती स्वानंदी.

तू विचारतेस, आजी, फोन का नाही करत? अगं, फोनवर मला अर्धं ऐकू येतं, आणि जे मला ऐकू येतं ते सगळ्या घराला ऐकू येतं. तुझी आई स्पीकर लावते. मग तू आपली 'हो आजी, जेवले आजी' करत बसतेस, कारण पलीकडच्या खोलीत कोण बसलंय ते तुला ठाऊक असतं. पत्र बरं. पत्राला स्पीकर नसतो.

तुझं पत्र मिळालं. शनिवारच्या मराठी शाळेत जाताना गाडीत काय रडायचीस तू! आणि आता पानंच्या पानं लिहितेस. स्वानंदी वाचताना मधेच अडखळते, तुझं अक्षर डोंगरावरून घसरल्यासारखं आहे म्हणते. मी म्हटलं, तिच्या आजीला एक अक्षर येत नाही, त्या मानाने पोर फार पुढे गेली.

आता भांडण. 'बाबा या जूनमध्ये आले नाहीत तर मी पुन्हा कधी विचारणार नाही.' ही धमकी तू माझ्या तोंडून का पाठवतेस? एक दिवस, फक्त एक दिवस तुझ्याबरोबर डोंगराच्या त्या अरुंद धारेवर चालायचं, तू काय काम करतेस ते डोळ्यांनी बघायचं, मग काय बोलायचं ते बोलायचं. मागणं वाजवी आहे. पण मी त्याला सांगायला गेले तर तो काय म्हणेल? 'आई, तू यात पडू नकोस.' पडायला मी काय डोंगरावर आहे?

म्हणून मी सांगितलंच नाही. शनिवारी तो स्वयंपाकघरात होता. मी स्वानंदीला शेजारच्या खोलीत बसवलं आणि म्हटलं, मला कमी ऐकू येतं, मोठ्याने वाच. तिने वाचलं. मी म्हटलं, पुन्हा वाच. त्या डोंगराचं नाव तिने तीनदा वाचलं, तीनही वेळा वेगळं झालं, शेवटी आम्ही त्याला 'रुहीची धार' म्हणायचं ठरवलं. तेवढ्या वेळात तुझा बाप तिथे उभा राहून पाणी पीत होता. माणूस एवढं पाणी पीत नाही, रुही. उंट पितो.

दोन वर्षं झाली तुम्हा दोघांना एकमेकांशी बोलून. तू ती चांगली नोकरी सोडलीस, लोकांना डोंगर दाखवायला स्कॉटलंडला निघालीस, तेव्हा तो या दिवाणखान्यात उभा राहून म्हणाला होता, 'ज्या दगडांतून आम्ही पळून आलो, त्या दगडांत तू पैसे देऊन चाललीस.' आणि तू म्हणालीस, 'पळून तुम्ही आलात, बाबा. मी नाही.' मी सोफ्यावर बसून शेंगा सोलत होते. दोघांचंही खरं होतं, म्हणून तर दोघं गप्प झालात. एकाचं जरी खोटं असतं तरी आठवड्यात मिटलं असतं.

आता आशीर्वाद. अनेक आणि उत्तम. खाली माझा अंगठा. शाई सापडली नाही म्हणून हळदीचा आहे, चाटू नकोस.

आजी

हर्नडन, ३० मे

रुही,

तो येतोय. मला सांगितलेलं नाही. मला सांगितलंय ते असं, की लंडनला ऑफिसचं काम निघालंय, 'जमलं तर तिकडे एक दिवस डोकावेन.' त्याच्या ऑफिसचं लंडनमध्ये काही नाही हे माझ्यासारख्या अंगठेबहाद्दर बाईलासुद्धा कळतं. मी म्हटलं, 'हो का? थंडी असेल, स्वेटर ने.'

बूट घेतलेत. असले बूट मी पोलिसाच्या पायातही बघितले नाहीत. घोट्याच्या वर जातात, खाली दात आहेत. रोज संध्याकाळी ते घालून मागच्या तळ्याभोवती फेऱ्या मारतो. पाठीवर पिशवी. परवा मी खिचडी टाकायला तांदूळ काढायला गेले तर डबा रिकामा आणि बासमतीची अख्खी पिशवी गायब! तांदूळ तुझ्या बापाच्या पाठीवर बसून तळ्याला फेऱ्या मारत होता. वजन घेऊन चालायची सवय करतोय म्हणे. प्रतिमा, म्हणजे तुझी आई, खिडकीतून बघून इतकी हसली की तिचा चष्मा पडला. त्याच्यासमोर मात्र आम्ही दोघी अगदी गंभीर.

आता थट्टा पुरे. तुला थोडं सांगून ठेवते, कारण तुझा बाप सांगणार नाही.

आमची वाडी डोंगराच्या पाठीवर. शाळा आणि बाजार पलीकडच्या अंगाला. मधे धार. दोन्हीकडे खाली बघितलं तर नुसते ढग. मी डोक्यावर हिरड्याचं ओझं घेऊन जायची, हिरडा वाळवून आम्ही औषधवाल्यांना विकायचो, आणि मागे दप्तर घेऊन राजू, तुझा बाप. धारेच्या तोंडाशी आलं की सगळे पायातलं काढायचे. लहान, मोठा, म्हातारा, सगळे. आमच्याकडची रीतच ती. एक तर चामडं घसरतं आणि उघडा पाय दगड धरतो. दुसरं म्हणजे धार देवीची. देवीच्या पाठीवर जोडे घालून कोण चालतं? चपला एकीला एक बांधून गळ्यात अडकवायच्या. पलीकडे गेलं की ओढ्यात पाय धुवायचे, चपला घालायच्या, मग शाळेत शिरायचं शहाण्यासारखं.

मी आधी पलीकडे जायची. ओझं टेकवायची, वळायची आणि म्हणायची, 'ये.' मग तो यायचा. हात धरून त्याला कधी नेलं नाही. हात धरला की एक घसरला तरी दोघं जातात. तुला हे कोणी शिकवलं असेल तिकडे फी घेऊन. मला कोणी शिकवलं नव्हतं.

दहावीच्या वर्षी पावसात त्याच्या टाचेत दगडाची कपची शिरली. परीक्षा तोंडावर. पाय बांधून, लंगडत, धारेवरून गेला आणि संध्याकाळी आला तेव्हा मला म्हणाला, 'आई, माझ्या पोरांना मी दगडावर पाय ठेवू देणार नाही.' मीही म्हटलं, नको ठेवू देऊस. तेव्हा मला काय माहीत तू जन्माला येणार आहेस.

तू चालायला लागलीस तेव्हा त्याने सगळ्या घराला जाड गालिचा घातला. टेबलाच्या कोपऱ्यांना स्पंज लावला. मी पहिल्यांदा इकडे आले तेव्हा मला वाटलं, ही अमेरिकेतली पद्धत आहे. पद्धत नव्हती, तुझा बाप होता. आणि ती गालिच्यावर वाढलेली पोरगी कॉलेजातून 'लायब्ररीत चालले' म्हणून गाडी घेऊन ओल्ड रॅग डोंगराच्या खडकांवर चढायला जायची. तुझ्या पँटच्या गुडघ्यांना लागलेलं हिरवं शेवाळ मी धुतलंय, रुही. लायब्ररीत शेवाळ नसतं. मी बोलले नाही, एवढंच.

म्हणून सांगते, त्याला हात देऊ नकोस. पुढे जा. त्याचं त्याला येऊ दे.

अंगठा खाली आहे. या खेपेला कुंकवाचा.

आजी

हर्नडन, १९ जून

रुही,

तुझा बाप परत आला. सुखरूप आहे. पण एकच बूट घेऊन आला.

दुसरा कुठाय?

मी विचारलं तर म्हणाला, 'राहिला.' अगं, हॉटेलात चार्जर राहतो, कंगवा राहतो. जोडीतला एकच बूट कसा राहतो? विमानातून आला तो ऑफिसचे बूट घालून, लंगडत. बॅग उघडली तर उजवा बूट, चिखलासकट. डाव्या पायाला पट्टी. आणि एक लाल लोकरीची टोपी, तिला सगळीकडे चिकटपट्टीचा गोंद. प्रतिमा ती टोपी मशीनमध्ये टाकायला निघाली तर धावत आला. 'ती नको, ती मी धुतो.' ज्याने आजवर स्वतःचा रुमाल धुतला नाही तो सिंकपाशी उभा राहून कोमट पाण्यात टोपी धुतोय, आणि बाहेर उन्हात वाळत घालून तिच्यावर लक्ष ठेवून बसलाय. खारी पळवतील म्हणे.

भांडलात का तुम्ही? त्याने फेकला की तू फेकलास? लवकर लिही. तो विचारलं की 'ठीक होतं' म्हणतो. 'ठीक' या शब्दाने तर मला नेहमीच भीती वाटते.

आजी

(रुही, आजी रोज दुपारी आमच्या दारात येऊन पोस्टमन आला का विचारतात. प्लीज लवकर लिही. — स्वानंदी)

हर्नडन, ११ जुलै

रुही, बाळा,

पत्र आलं. स्वानंदीने दोनदा वाचलं. या खेपेला मोठ्याने नाही. माझ्या कानाशी तोंड आणून हळू वाचलं, कारण हे स्वयंपाकघरात पाणी पिणाऱ्यासाठी नव्हतं.

मी तुला तुझंच पत्र उलट सांगते. बरोबर समजले का ते बघ. म्हातारीच्या डोक्यात गोष्टी इकडच्या तिकडे होतात.

तुम्ही सकाळी रस्त्यापासून निघालात. धुकं होतं, आणि त्या बारीक माश्या, डोळ्यांत, नाकात, कानात. चढ सुरू झाल्यापासून तो बोलला नाही. तू म्हणालीस, 'बाबा, पाणी?' तो म्हणाला, 'नको.' तू म्हणालीस, 'बाबा, ब्रेक?' तो म्हणाला, 'नको.' गुडघ्यावर हात ठेवून ठेवून चढला. तुला वाटलं, हा रागाने चढतोय. असेलही. तुझ्या बापाला रागाने बरीच कामं करता येतात, इंजिनीअर तो रागानेच झाला.

मग वर आलात आणि धुकं जरा फाटलं आणि समोर धार दिसली. तू लिहितेस, उभी धरलेली करवत. तो थांबला. बराच वेळ थांबला. तुला वाटलं घाबरला. म्हणून तू त्याच्या कमरेला दोर बांधलास. तो म्हणाला, 'गोठ्यातल्या गाईसारखं बांधतेस मला?' तू म्हणालीस, 'बाबा, इट्स जस्ट सेफ्टी.' मग त्याने बांधून घेतलं. इथपर्यंत बरोबर?

मग ती अरुंद जागा आली. एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूलाही कडाच, मधे पाऊलभर दगड. तू पुढे गेलीस, मधल्या एका सुळक्यापलीकडे जाऊन दोर खडकाला पक्का केलास आणि ओरडलीस, 'बाबा, या!'

दोर हलला नाही. तू पुन्हा ओरडलीस. मग सुळक्याच्या कडेने वाकून बघितलंस. तर तुझा बाप दगडावर बसून बूट काढत होता.

इथे स्वानंदी वाचायची थांबली. मी म्हटलं, पुढे वाच गं. माझ्या तळपायांना घाम आला होता.

तू ओरडलीस, 'शूज घाला! बाबा, आर यू क्रेझी? शूज!' त्याने ऐकलंच नाही. मोजे खिशात, नाड्या एकमेकींना बांधल्या, बूट गळ्यात. आणि उठला आणि त्या ओल्या, गार दगडावरून चालत आला. बसून नाही, रांगत नाही, कशाला धरत नाही. हात बाजूला सोडून. तू लिहिलंस, 'आजी, मी बाबांना असं चालताना कधी बघितलं नव्हतं. मला वाटायचं बाबांना फक्त पार्किंग लॉटमध्ये चालता येतं.' अगं, मी बघितलंय. रोज बघितलंय. तुझ्या पत्रात ते पुन्हा दिसलं, म्हणून मग मी स्वानंदीला चहा टाकायला पाठवलं आणि जरा एकटी बसले.

पलीकडे आल्यावर त्याने बूट गळ्यातून काढले आणि गाठ सुटली. नव्या बुटांच्या नाड्या गुळगुळीत, आमच्या चपलांचे पट्टे तसे नव्हते. डावा बूट सुटला, दगडावर आपटला, मग आणखी खाली आपटला, मग नुसता आवाज, मग तोही नाही. तू विचारतेस, तेव्हा बाबा जो शब्द म्हणाले त्याचा अर्थ काय? तो आमच्या वाडीतला शब्द आहे. बैल शेतात बसला की म्हणतात. अर्थ मी स्वानंदीला सांगितला.

(तो मी लिहिणार नाही. — स्वानंदी)

तू हसलीस. तो हसला नाही. आणि धार अजून निम्मी उरलेली. मागे फिरायला वाट नाही, मधून उतरायला वाट नाही. मग तू तुझी लाल टोपी काढलीस. त्याच्यापुढे गुडघ्यांवर बसलीस, त्याचा पाय मांडीवर घेतलास. 'बर्फासारखा गार होता, आजी, आणि टाचेवर एक जुना व्रण होता, तो मला माहीतच नव्हता.' पायाला टोपी चढवलीस आणि वरून चिकटपट्टी गुंडाळत बसलीस. तो म्हणाला, 'राहू दे, मी करतो.' तू म्हणालीस, 'हलू नका.' आणि तो हलला नाही. दुसरीकडे बघत राहिला, जिथे धुक्याशिवाय बघण्यासारखं काही नव्हतं.

पुढचं सगळं तू पुढे आणि तो मागे. एका पायात बूट, एका पायात टोपी. तू सांगत गेलीस, डावा इथे, उजवा तिथे. तो ठेवत गेला. आणि शेवटच्या उतारावर, जिथे नुसती घसरणारी खडी, तिथे त्याने तुझ्या खांद्यावर हात ठेवला तो खाली रस्ता लागेपर्यंत काढला नाही. मी तुला सांगितलं होतं हात देऊ नकोस. खांद्याचं बोलले नव्हते, तेव्हा चालेल.

खाली आल्यावर म्हणाला, 'भूक लागली.' तू त्याच्या खरचटलेल्या तळव्याला पट्टी बांधलीस, मग तुम्ही बटाट्याच्या फोडी खाल्ल्या. दुसऱ्या दिवशी स्टेशनवर तुझ्या पाठीवर थोपटलं, एवढंच.

आणि यावरून तू काय काढलंस? 'आजी, आय फेल्ड. माणसाच्या पायांकडे लक्ष ठेवा, हे आम्हाला पहिल्या दिवशी शिकवतात. माझ्यामुळे ते पडू शकले असते. ते काहीच बोलले नाहीत. मला कळलं त्यांना काय वाटतं ते. मी आता पुन्हा विचारणार नाही.'

ऐक. तो काही डोंगर न कळणारं गिऱ्हाईक नव्हता, त्याने तुला न सांगता बूट काढले, ती चूक त्याची. आमच्या रीतीने बरोबर, तुझ्या रीतीने चूक. त्यात तू नापास कशी?

आणि तू त्याचं गप्प बसणं ओळखत नाहीस. मी ओळखते. दोन वर्षं बोलला नाही ते तोंड मिटणं होतं. हे वेगळं आहे. रागावला की तो फार बोलतो, आठव. हल्ली तो गराजमध्ये जातो आणि त्या उरलेल्या बुटाला तेल लावतो. एका बुटाला, रुही. एका बुटाला तेल लावून माणूस काय करणार? तुझ्या आईने विचारलं, 'टाकून देऊ का?' तर असं बघितलं त्याने तिच्याकडे, जसं काही तिने मला टाकून देऊ का विचारलंय.

पण त्याच्या मनात नेमकं काय आहे ते मला ठाऊक नाही, आणि मी तुला खोटा धीर देणार नाही. एवढंच म्हणते, 'पुन्हा विचारणार नाही' हे वाक्य तू जरा बाजूला ठेव. फेकू नकोस. उन्हात वाळत घाल, खारी नेणार नाहीत इतक्या जवळ.

तुला सांगायचं राहिलं. तुझ्या कामाचं नाव तो घेत नाही, 'तिचं ते काय ते' म्हणतो. तुला माहीत नसेल, माझा बाप साहेबलोकांना आणि व्यापाऱ्यांना धार ओलांडून द्यायचा. पुढे चालायचा, पलीकडे उभा राहायचा, 'या' म्हणायचा. त्याला वाटाड्या म्हणायचे. चांगला शब्द आहे. घरात पडून होता, तू वापर.

आजी

हर्नडन, ३ ऑगस्ट

रुही,

अक्षर बदललेलं तुला दिसलं असेल. घाबरू नकोस. ओळखलंस ना?

स्वानंदी गेली. केदारचं काम फ्रिस्कोला हललं, टेक्ससमध्ये. तिथे सगळं सपाट आहे म्हणाली. मी म्हटलं, सुखी राहशील. जाताना रडली आणि मला वही-पेन देऊन गेली, जसं काही मी आता बसून लिहिणारच आहे.

मग मी म्हटलं, लिहिणार कोण? तुझ्या आईला सांगितलं. तिने हात वर केले, 'मला अजिबात वेळ नाही' म्हणाली आणि सोफ्यावर पाय घेऊन टीव्ही बघत बसली. राहिला एकच माणूस. तो म्हणाला, 'ए आई, फोनमध्ये बोल ना, तो आपोआप लिहितो.' मी म्हटलं, फोनला लाज नसते. मला लाजणारा माणूस हवा.

अट अशी घातली आहे की मी जे बोलेन ते सगळं लिहायचं. गाळायचं नाही, बदलायचं नाही, इस्त्री करायची नाही. आत्ता विचारतोय, 'हे पण लिहू?' हे पण लिही.

पहिली गोष्ट. गेल्या रविवारी आम्ही पटेलच्या दुकानात गेलो होतो. तिथे भेंडीपाशी ते मराठी मंडळातले नागपूरचे गृहस्थ भेटले, ज्यांचा मुलगा वीर डॉक्टर झाला आणि जे भेटेल त्याला सांगतात. त्यांनी विचारलं, 'आणि तुमची रुही काय करते हल्ली?' दोन वर्षं या प्रश्नाला तुझा बाप 'सॉफ्टवेअर' म्हणतो. मी भेंडी मोडून बघत होते, कान इकडे. माझं ऐकायचं यंत्र नीट लावलेलं होतं.

तो म्हणाला, 'वाटाड्या आहे. डोंगरात.'

ते गृहस्थ म्हणाले, 'म्हणजे?' तो म्हणाला, 'म्हणजे लोक जिथे पडतात तिथून ती माणसांना पलीकडे नेते. मला नेलं.' आणि भेंडी न घेताच पुढे गेला. मी घेतली.

का थांबलास? लिही. खरं आहे ते खरं आहे. आणि तो शब्द तुला कुठून मिळाला ते मी विचारत नाही. स्वानंदीला मी हळू आवाजात सांगत होते असं मला वाटलं होतं. या घराच्या भिंतींपेक्षा कागद जाड असतो.

दुसरी गोष्ट. आत्ता, हे लिहिता लिहिता, मी त्याला विचारलं, बूट का काढलेस? म्हणाला, 'घसरू नये म्हणून.' मी म्हटलं, मग ते दातवाले बूट घेऊन महिनाभर माझा तांदूळ कशाला फिरवलास? खिडकीबाहेर बघत बसला. मीही बसले. मला घाई नाही, माझ्या वयाला कसली घाई.

मग म्हणाला, आणि हे तो जसं म्हणाला तसंच लिहायचंय, 'आई, ती दिसत नव्हती. धुकं होतं. पलीकडून नुसता आवाज आला, या. तू म्हणायचीस तसा. मी खाली बसून पायातलं काढलं. काढतोय हे मला ती ओरडल्यावर कळलं.'

लिहिलंस? वाचून दाखव.

हं.

रुही, आता मी जे बोलते ते याला आवडणार नाही. ज्या माणसाने तुझ्या पायाला दगड लागू नये म्हणून समुद्र ओलांडला, त्याचा पाय तू दगडावर बसून मांडीवर घेतलास. त्याला आयुष्यभर वाटलं, आपण पोरीला वाचवायला धावतोय. तिकडे तू 'हलू नका' म्हणालीस आणि तो हलला नाही. तू लिहिलंस ना, त्यांना काय वाटतं ते तुला कळलं म्हणून? मला वाटतं त्याला हे वाटलं. तो म्हणतोय, 'आई, पुरे.' पुरे हेही लिहिलंय का बघ हं, मला वाचता येत नाही.

आणि तेच आता मला सांगायचंय. मला वाचता येत नाही. आजवर याची मला कधी लाज वाटली, कधी अडचण झाली. बसच्या पाट्या, औषधाच्या बाटल्या, तुझी पत्रं, सगळं दुसऱ्याच्या तोंडून. आज पहिल्यांदा त्याचा उपयोग होतोय. या पानावर खाली जागा उरली आहे, मला दिसते आहे तेवढी. मी आता माझा अंगठा इथेच वर लावते आणि चहा टाकायला उठते. खाली हा काय लिहील ते मला कळणार नाही. प्रतिमालाही मी वाचू देणार नाही, पाकीट मी स्वतः चिकटवणार आहे. काही लिहिलं नाही तरी मला कळणार नाही. तुला कळेल.

अनेक आणि उत्तम आशीर्वाद. हळदीचेच आहेत.

आजी

रुही,

ती खरंच उठून गेली आहे. आतून भांड्यांचा आवाज येतो आहे, गरजेपेक्षा जास्त.

मला पत्र लिहायची सवय नाही. टोपी धुतली आहे, जरा आटली. पाय बरा आहे. तू पट्टी चांगली बांधली होतीस, डॉक्टरही म्हणाले. ते मी तुला तिथेच सांगायला हवं होतं.

बूट एकेक विकत मिळत नाहीत, मी चौकशी केली. सप्टेंबरात सुट्टी आहे. डावा शोधायला येईन म्हणतो. सापडणार नाही, माहीत आहे.

या वेळी पायातलं काढीन तर तुला आधी सांगून.

तू पुढे जा आणि 'या' म्हण. मी येतो.

बाबा